पृथ्वीच्या आकाराची पैज



पृथ्वी नारिंगासारखी वाटोळी आहे, हें वाक्य आपण भूगोलाच्या पहिल्याच धड्यांत शिकतों. तें आपण पाठ म्हणतों, उत्तरपत्रिकेंत लिहितों आणि त्याबद्दल गुणहि मिळवितों. परंतु कोणी आपणांस मध्येंच थांबवून, 'हें तुम्हांस कशावरून कळलें?' असें विचारलें, तर पुस्तकाचें किंवा गुरुजींचें नांव सांगण्याखेरीज दुसरें उत्तर आपल्यापैकीं किती जणांस देतां येईल? एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांत कांहीं लोकांनीं हाच प्रश्न मोठ्यानें विचारला आणि पृथ्वी सपाट आहे असें त्याचें उत्तर दिलें. ते लोक निरक्षर नव्हते. कित्येक तर चांगले लेखक व वक्ते होते. त्यांच्या ह्या विलक्षण मतापायीं एक पैज लागली, तिच्यासाठीं एक थोर शास्त्रज्ञ कालव्याच्या कांठीं दुर्बीण घेऊन उभा राहिला, आणि पुढें पुष्कळ वर्षें कोर्टाच्या पायऱ्या झिजविण्याची पाळी त्याच्यावर आली. इतिहासाच्या क्रमिक पुस्तकांत ही हकीकत सहसा आढळत नाहीं. परंतु खरें काय तें कसें ओळखावें, आणि तें दुसऱ्यास कसें पटवावें, हे दोन्ही धडे तींत आहेत. म्हणून ती येथें सांगण्याचें योजिलें आहे.

एक जुना गैरसमज

आरंभीं एक गैरसमज दूर केला पाहिजे. कोलंबसाच्या काळापर्यंत सारा युरोप पृथ्वी सपाट मानीत होता, आणि त्या धाडसी खलाशानें तो भ्रम मोडला, अशी कथा पुष्कळांनीं ऐकली असेल. ती खरी नाहीं. इसवी सनापूर्वींच्या तिसऱ्या शतकांत अलेक्झांड्रिया येथील एरॅटोस्थेनीस ह्या विद्वानानें दोन ठिकाणच्या मध्याह्नछायेंतील भेदावरून पृथ्वीचा परीघ काढला होता. आठव्या शतकांत इंग्लंडांतील बीड नांवाच्या मठवासी पंडितानें पृथ्वी चेंडूप्रमाणें गोल असल्याचें लिहून ठेविलें. कोलंबसाशीं पंडितांचा वाद झाला तो पृथ्वीच्या आकाराविषयीं नव्हे, तर पश्चिमेकडून गेल्यास आशिया खंड किती दूर पडेल ह्याविषयीं. आणि त्या वादांत पंडितांचेंच म्हणणें बरोबर होतें. कोलंबसानें तें अंतर फारच कमी धरलें होतें. वाटेंत अमेरिका लागली म्हणून तो वांचला! सपाट पृथ्वीची कथा लोकांत रूढ झाली ती बऱ्याच अंशीं वॉशिंग्टन अर्व्हिंग ह्या अमेरिकन लेखकानें १८२८ सालीं प्रसिद्ध केलेल्या कोलंबसाच्या चरित्रामुळें. म्हणजे आपल्या पूर्वजांच्या अज्ञानाविषयीं आपण जें समजतों, तेंहि कधीं कधीं आपलेंच अज्ञान असतें.

तेव्हां एकोणिसाव्या शतकांतील सपाटपृथ्वीवादी हे जुन्या समजुतीचे मागें उरलेले लोक नव्हते. त्यांचें मत नवें होतें, आणि तें त्यांनीं प्रयोगाच्या नांवावर मांडलें, हेंच त्यांतील नवल आहे.

पाण्यांत उभा राहिलेला मनुष्य

इंग्लंडच्या पूर्व भागांत बेडफर्ड लेव्हल म्हणून अगदीं सखल प्रदेश आहे. पूर्वीं तेथें दलदल असे. ती आटविण्यासाठीं सतराव्या शतकांत मोठे चर खोदण्यांत आले. त्यांपैकीं जुनी बेडफर्ड नदी ह्या नांवाचा कालवा कित्येक मैल सरळ रेषेंत गेलेला असून त्याचें पाणी संथ असतें. सॅम्युएल रोबॉटम नांवाच्या गृहस्थास पाण्याची ही सरळ रेघ पृथ्वीचा आकार तपासण्यास उत्तम साधन वाटली. १८३८ सालीं तो ह्या पाण्यांत उतरला, दुर्बीण पाण्यापासून अवघ्या ८ इंच उंचीवर धरून उभा राहिला, आणि एक होडी वेल्नीच्या पुलाकडे सोडण्यास त्यानें सांगितलें. होडीवर सुमारें ५ फूट उंचीचें निशाण होतें. होडी ६ मैल दूर गेली तरी तें आपणांस सतत दिसत होतें, असें त्यानें जाहीर केलें.

आतां येथें थोडें गणित करूं. पृथ्वी गोल असेल तर पाण्याचा पृष्ठभाग आपल्या दृष्टीच्या सरळ रेषेखालीं किती उतरतो हें काढण्याचा एक सोपा नियम आहे. मैलांचा वर्ग करून त्यास ८ नीं गुणावें, म्हणजे उतार इंचांत येतो. एका मैलास ८ इंच, तीन मैलांस ७२ इंच म्हणजे ६ फूट, सहा मैलांस २८८ इंच म्हणजे २४ फूट. रोबॉटमचा डोळा पाण्यापासून ८ इंचांवर होता, म्हणून त्याचें क्षितिज एका मैलावर आलें. पुढें ५ मैल उरले. पांचाचा वर्ग २५. त्यास ८ नीं गुणिलें असतां २०० इंच, म्हणजे १६ फूट ८ इंच. निशाणाची उंची ५ फूट वजा केली तरी त्याचें टोंक दृष्टीच्या रेषेखालीं ११ फुटांहून अधिक दडलें पाहिजे होतें. परंतु तें दिसलें! तेव्हां पृथ्वी सपाट आहे, असा रोबॉटमचा निष्कर्ष. १८४९ सालीं त्यानें 'पॅरॅलॅक्स' ह्या टोपणनांवानें एक पुस्तिका काढली, आणि पुढें गांवोगांव व्याख्यानें देऊन पुष्कळ अनुयायी मिळविले.

ह्या गणितांत चूक नाहीं. रोबॉटम खोटें बोलला असें मानण्याचेंहि कारण नाहीं. मग चूक कोठें आहे? ती हवेंत आहे. प्रकाशाचा किरण एकसारख्या घनतेच्या हवेंतून सरळ जातो. परंतु थंड पाण्यालगतची हवा दाट आणि तिच्यावरची विरळ असली म्हणजे किरण खालच्या बाजूस वांकतो, आणि पृथ्वीच्या गोलाईस धरून दूरवर जाऊं शकतो. ह्यास वक्रीभवन म्हणतात. उन्हाळ्यांत तापलेल्या माळावर मृगजळ दिसतें, तें ह्याच कारणाचें उलट रूप होय. पाण्याच्या इतक्या जवळ डोळा नेल्यामुळें जेथें हा वांक सर्वांत अधिक, तेंच स्थान रोबॉटमनें नकळत निवडलें होतें. डोळ्यांनीं पाहिलेलें खरें असूनहि त्यावरून काढलेलें अनुमान खोटें ठरतें, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

पांचशें पौंडांची पैज

१८७० च्या आरंभीं रोबॉटमच्या मताचा एक कडवा अनुयायी जॉन हॅम्डन ह्यानें जाहीर आव्हान दिलें, कीं नदी, कालवा किंवा तलाव ह्यांच्या पाण्यास बांक आहे असें जो सिद्ध करील त्याच्याशीं आपण ५०० पौंडांची पैज मारूं. आव्हान स्वीकारणारे गृहस्थ सामान्य नव्हते. ते होते आल्फ्रेड रसेल वॉलेस. मलाया द्वीपसमूहांत आठ वर्षें हिंडून त्यांनीं प्राणिसृष्टीचा अभ्यास केला होता, आणि नैसर्गिक निवडीचें तत्त्व डार्विनच्या बरोबरीनें स्वतंत्रपणें शोधून काढण्याचा मान त्यांस होता. शिवाय तरुणपणीं त्यांनीं जमिनीच्या मोजणीचें काम केलेलें असल्यामुळें अशा प्रयोगाची युक्ति त्यांस ठाऊक होती. पैज स्वीकारण्यापूर्वीं त्यांनीं विख्यात भूस्तरशास्त्रज्ञ सर चार्लस लायल ह्यांचा सल्ला घेतला. एकदां डोळ्यांपुढें पुरावा ठेवला म्हणजे ह्या लोकांचीं तोंडें बंद होतील, अशा आशेनें लायल ह्यांनीं होकार दिला. 'द फील्ड' ह्या साप्ताहिकाचे संपादक जॉन वॉल्श ह्यांच्यापाशीं दोन्ही पक्षांनीं पैसे ठेविले, आणि निकाल देण्याचें कामहि त्यांच्याकडे आलें.

प्रयोग ५ मार्च १८७० रोजीं त्याच कालव्यावर झाला. वॉलेस ह्यांनीं दुर्बीण पाण्यालगत न धरतां पुलाच्या कठड्यावर, पाण्यापासून सुमारें १३ फूट उंच ठेविली. सहा मैलांवरील दुसऱ्या पुलास त्याच उंचीवर पांढऱ्या कापडावरील काळा पट्टा लावला. बरोबर मध्यें, तीन मैलांवर, एक खांब उभा करून त्यावर तितक्याच उंचीवर एक तांबडी तबकडी बसविली, आणि तिच्याखालीं चार फुटांवर दुसरी. पाणी सपाट असेल तर वरची तबकडी आणि दूरचा पट्टा एका रेषेंत येतील. पाण्यास बांक असेल तर मधली तबकडी उंचावलेली दिसेल. हिशेबानें ६ फूट, आणि वक्रीभवनाची सूट दिली तर ५ फुटांच्या आसपास.

हा प्रयोग तुम्हांस घरींहि करतां येईल. बांबूची एक लांब कामटी घ्या, तिच्यावर सारख्या अंतरानें सारख्या उंचीच्या तीन टांचण्या टोंचा, आणि पहिल्या टांचणीच्या डोक्यास डोळा लावून पाहा. कामटी सपाट असतां मधल्या टांचणीचें डोकें शेवटच्या टांचणीच्या डोक्यास झांकतें. कामटी दोन्ही टोंकांकडून खालीं वांकविली कीं मधली वर येते.

कालव्यावर मधली तबकडी स्पष्ट वर आलेली दिसली. परंतु ह्यापुढें जें घडलें तेंच ह्या कथेचें मर्म होय. हॅम्डननें आपल्या बाजूचा परीक्षक म्हणून विल्यम कार्पेंटर ह्यास नेमलें होतें. हा मनुष्य स्वतः सपाट पृथ्वीवर पुस्तक लिहिणारा होता, आणि ही गोष्ट वॉलेस ह्यांस अगोदर ठाऊक नव्हती. त्यानें आडवा तंतु आणि पाणसळ असलेली दुर्बीण मागविली. तींतून पाहतां मधली तबकडी तंतूच्या खालीं दिसली, आणि दूरचा पट्टा तबकडीच्या खालीं जवळजवळ तितक्याच अंतरावर दिसला. कार्पेंटरला हर्ष झाला. अंतरें सारखीं आहेत, म्हणून तिन्ही बिंदु एका सरळ रेषेंत आहेत, असें तो म्हणाला! वस्तुतः पृथ्वी सपाट असती तर तिन्ही खुणा दुर्बिणीच्याच उंचीच्या असल्यामुळें तंतूवरच दिसल्या असत्या. त्या पायरीपायरीनें खालीं गेल्या हाच बांकाचा पुरावा होता. काय दिसलें ह्याविषयीं दोन्ही पक्षांत मतभेद नव्हता. मतभेद होता तो दिसलें त्याचा अर्थ काय ह्याविषयीं. आणि खुद्द हॅम्डननें तर दुर्बिणीस डोळा लावलाच नाहीं.

जिंकलेली आणि गमावलेली पैज

वॉल्श ह्यांनीं आकृती व टिपणें तपासून वॉलेस ह्यांच्या बाजूनें निकाल दिला, आणि पैसे त्यांच्या स्वाधीन केले. परंतु लायल ह्यांची आशा फोल ठरली. हॅम्डननें वॉलेस ह्यांस चोर, ठक, लबाड अशा शिव्या देणारीं पत्रें लिहिण्याचा सपाटा लावला. तीं पत्रें वॉलेस ज्या संस्थांचे सभासद होते त्यांच्याकडे गेलीं, शेजाऱ्यांकडे गेलीं. वॉलेस ह्यांच्या पत्नीसहि, तुमच्या पतीचें डोकें फुटून तो एखाद्या दिवशीं घरीं आणला जाईल, अशा अर्थाचें पत्र आलें. १८७१ सालीं अब्रुनुकसानीच्या दाव्यांत वॉलेस ह्यांस ६०० पौंड भरपाई मंजूर झाली. पण हॅम्डननें आपली मालमत्ता अगोदरच दुसऱ्याच्या नांवावर केली असल्यामुळें एक कवडीहि हातीं लागली नाहीं. पुढें हॅम्डनला कारावासहि घडला, तरी त्याची लेखणी थांबली नाहीं.

शेवटीं कायद्यानेंहि विचित्र पलटी खाल्ली. इंग्लंडांत १८४५ च्या जुगारविषयक कायद्यानें पैजेचा करार कोर्टांत अमलांत आणण्याजोगा राहिला नव्हता. वॉल्श ह्यांनीं पैसे वॉलेस ह्यांस देण्यापूर्वीं आपण ते परत मागितले होते, असें दाखवून हॅम्डननें दावा मांडला; आणि १८७६ सालीं त्याचे ५०० पौंड त्यास परत करण्याचा हुकूम झाला. पृथ्वी सपाट आहे असें कोर्टानें म्हटलें नाहीं; पृथ्वीच्या आकाराचा प्रश्नच त्याच्यापुढें नव्हता. परंतु पैशाचा भार शेवटीं वॉलेस ह्यांच्यावर पडला. १९०५ सालीं लिहिलेल्या आत्मचरित्रांत ही पैज स्वीकारणें ही आपल्या आयुष्यांतील एक अत्यंत खेदाची गोष्ट होय असें त्यांनीं कबूल केलें आहे. पंधरा वर्षांचा छळ आणि शेंकडों पौंडांचें नुकसान, एवढें त्यांचें बक्षीस.

येथें आणखी एक गोष्ट लपवून ठेवणें योग्य होणार नाहीं. हेच वॉलेस मृतांचे आत्मे बैठकींत येऊन बोलतात असें मानीत, आणि देवी काढण्यास, म्हणजे देवीची लस टोंचण्यास, त्यांचा कडवा विरोध होता. त्याविरुद्ध आंकडे मांडून त्यांनीं पुस्तिका लिहिल्या. पुढें लशीच्याच बळावर देवीचा रोग जगांतून नाहींसा झाला, आणि १९८० सालीं तशी जाहीर घोषणा झाली. कालव्यावर ज्या मनुष्यानें इतकी काटेकोर दृष्टि दाखविली, त्याच मनुष्याची दृष्टि दुसऱ्या ठिकाणीं चुकली. विक्षिप्त समजुती केवळ मूर्खांच्याच घरीं राहतात, हाहि एक गैरसमजच होय.

सीहोरची दुसरी रीत

रोबॉटम पाण्यांत उतरला त्याच सुमारास आपल्या देशांतहि पृथ्वीच्या आकाराचा वाद चालू होता. परंतु तो निराळ्या रीतीनें चालला, आणि त्यांत एका मराठी पंडिताचा मोठा वांटा होता. भोपाळजवळ सीहोर येथें लान्सेलॉट विल्किन्सन हा इंग्रज अधिकारी होता. पृथ्वी सपाट असून मध्यें मेरु पर्वत आहे, आणि त्याभोंवतीं द्वीपें व समुद्र वलयाकार पसरले आहेत, ही पौराणिक कल्पना तेथील शाळेंतील विद्यार्थ्यांच्या मनांत होती. विल्किन्सननें पैज लाविली नाहीं, आणि परकीय पुस्तकें आणून तीं एकदम पुढें ठेविलींहि नाहींत. त्यानें पंडितांसच भारतीय ज्योतिषाचे सिद्धांतग्रंथ उघडावयास सांगितले.

त्या ग्रंथांत पृथ्वी गोल असल्याचें शेंकडों वर्षांपूर्वींच लिहिलेलें होतें. भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० मध्यें पुरा केलेल्या सिद्धांतशिरोमणीच्या गोलाध्यायांत हा प्रश्न सरळ घेतला आहे. पृथ्वी मोठी आणि मनुष्य लहान. त्याच्या नजरेंत परिघाचा अत्यल्प भाग येतो, आणि वर्तुळाचा अगदीं लहान तुकडा सरळच भासतो, असें त्यांचें म्हणणें. पृथ्वी आरशासारखी सपाट असती तर उंचावरून फिरणारा सूर्य सर्वांस सदैव कां दिसत नाहीं, असाहि प्रश्न त्यांनीं केला आहे. ह्याच आचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्यांच्या नातवानें स्थापलेल्या मठाचा शिलालेख आपल्या खानदेशांत, चाळीसगांवाजवळच्या पाटण येथें आहे. तो तेराव्या शतकाच्या आरंभींचा आहे.

सीहोरचे पंडित सुबाजी बापू ह्यांनीं ह्याच आधारावर 'सिद्धांतशिरोमणिप्रकाश' हा ग्रंथ मराठींत लिहिला. तो १८३६ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत पुराणांचें मत, सिद्धांतांचें मत आणि कोपर्निकसचें मत अशीं तिन्ही शेजारीं शेजारीं ठेवून त्यांची तुलना केली आहे. वाचणाऱ्यास आपल्याच परंपरेंतील एका पायरीवरून पुढच्या पायरीवर पाऊल ठेवतां यावें, अशी ही योजना होती. विरोध झाला नाहीं असें नाहीं. परंतु ह्या रीतींत कोणाच्या खिशास किंवा अभिमानास हात घातला नव्हता. जुनें मत सोडणाऱ्यास आपण हरलों असें न वाटतां आपण शिकलों असें वाटण्यास जागा होती.

तात्पर्य

दोन्ही प्रकारांत पुरावा खराच होता. वॉलेस ह्यांचा प्रयोग तर नमुनेदार होता. परंतु ज्या क्षणीं पृथ्वीच्या आकारावर ५०० पौंड ठेवले गेले, त्या क्षणापासून प्रश्न पृथ्वीचा राहिला नाहीं. तो हॅम्डनच्या प्रतिष्ठेचा झाला. आपण चुकलों असें म्हणण्याची किंमत ज्यास फार पडते, तो दुर्बिणीस डोळा लावीत नाहीं. सत्य सिद्ध करण्यास गणित आणि दुर्बीण पुरतात. तें पटविण्यास ऐकणाऱ्याचा मान राखावा लागतो. रोबॉटमच्या मताचे अनुयायी पुढेंहि राहिले, आणि १९५६ सालीं इंग्लंडांत सपाटपृथ्वीवाद्यांची एक नवी संस्था निघाली. १९७२ सालीं चंद्राकडे जाणाऱ्या अपोलो १७ ह्या यानांतून पृथ्वीचें संपूर्ण गोल छायाचित्र घेण्यांत आलें, तरी ते हटले नाहींत. ह्याचें आतां आपणांस फारसें नवल वाटूं नये.

पालकांनाहि ह्यांत विचार करण्याजोगें कांहीं आहे. मुलानें 'हें कशावरून?' असें विचारलें म्हणजे तें उद्धट झालें असें समजूं नये. रोबॉटमची चूक त्यानें प्रश्न विचारला ही नव्हती. पहिलें उत्तर मिळतांच त्यानें दुसऱ्या जागेवरून, दुसऱ्या उंचीवरून पुन्हा पाहिलें नाहीं, ही होती. मुलास प्रश्न विचारूं द्यावा, आणि पुन्हा पाहण्याची संवयहि लावावी.

विद्यार्थ्यांनीं एवढें करावें. पुढील चंद्रग्रहणाच्या रात्रीं गच्चीवर किंवा अंगणांत उभें राहून चंद्रावर पडणाऱ्या छायेची कड पाहावी. ती छाया आपल्याच पृथ्वीची असते, आणि तिची कड नेहमीं वाटोळी असते. कोंकणांत जाण्याचा योग आला तर बंदराकडे येणारें गलबत पाहावें. आधीं शिडाचें टोंक दिसतें, आणि मग खालचा भाग वर येतो. घरीं कामटी आणि तीन टांचण्या आहेतच. हें एकदां स्वतः पाहिलें, म्हणजे 'कशावरून?' ह्या प्रश्नास उत्तर देतांना पुस्तकाचें नांव सांगावें लागणार नाहीं. आणि समोरचा मनुष्य तरीहि ऐकेना, तर त्याच्याशीं पैज मारूं नये. त्यास पुढच्या ग्रहणाच्या रात्रीं आपल्या गच्चीवर बोलवावें.